टोपमास्तर आणि पाठमोरी बायको

टोपमास्तरांना माणसं मागून ओळखू येत. पुढून येतच नसत असं नाही, पण पुढून जरा वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस 'शिष्ट आहे मेला' असं म्हणून निघून गेलेला असे. दोष त्यांचा नव्हता, धंद्याचा होता. नाटक कंपनीत केसांचे टोप बनवणारा आणि चढवणारा माणूस जन्मभर नटांच्या पाठीमागे उभा असतो. नट आरशातल्या स्वतःच्या तोंडाच्या प्रेमात पडलेला असतो आणि मास्तर त्याची मान बघत असतात. राजा असो, दरोडेखोर असो, नाहीतर खाष्ट सासू असो, मास्तरांच्या लेखी ते सगळं म्हणजे कवटीचा घेर, कानामागचा उतार आणि घाम किती येतो एवढंच. एकदा कंपनीचे मालक भर बाजारात समोरून आले. मास्तरांनी खांबाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. मालक फणकाऱ्याने पुढे गेले, आणि मागून खणखणीत हाक आली, "अहो मालक! केव्हा आलात? दिसला नाहीत तो!"

याच धंद्याने त्यांना आणखी एक खोड लावली होती. तोंडावर त्यांना बोलता येत नसे. समोर कोणी उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटायची. तोच माणूस पाठ करून खुर्चीत बसला की मास्तर असे काही सुटत की बोलता सोय नाही. कंपनीतली निम्मी भांडणं त्यांनी माणसांच्या मानांशी बोलून मिटवली होती.

बायकोलाही त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते बसच्या रांगेत, अर्थात मागून. कमरेखाली उतरलेली वेणी होती. काळीभोर, सरळ, दोरखंडासारखी जाड. मास्तरांची बस आली, गेली, दुसरी आली, तीही गेली. "मी वळून बघितलं तेव्हा तुमचं तोंड असं होतं," बायको नंतर सांगायची, "की मला वाटलं वेणी कापून पळणार हा माणूस." लग्नानंतरही मास्तरांनी तिला प्रेमाचं जे काही म्हणून सांगितलं ते वेणी घालून देताना सांगितलं. समोरासमोर फार तर 'मीठ कमी आहे' एवढंच.

तर अशा बाईला तो आजार झाला. डॉक्टरांनी औषधांची माहिती दिली, उलट्या होतील म्हणाले, थकवा येईल म्हणाले, आणि शेवटी सहज सांगावं तसं म्हणाले की केस जातील. बायको शांत होती. मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. घरी आल्यावर बायकोने त्यांचीच कात्री घेतली, एका घावात वेणी उतरवली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "घ्या. गळून वाया जाण्यापेक्षा तुमच्या उपयोगी पडेल."

मास्तरांनी त्या वेणीचा टोप केला. आयुष्यात त्यांनी शेकड्यांनी टोप केले होते, पण ते लांबून बघायचे. दिव्याच्या उजेडात, दहाव्या रांगेतून. हा जवळून बघायचा होता. उंबऱ्यातून, जिन्यातून, भाजीच्या रांगेतून. जाळीवर एकेक केस आकड्याने ओवायचा, गाठ आवळायची, पुढचा घ्यायचा. मापासाठी त्यांनी बायकोचं उघडं डोकं एकदा बघितलं. टेप लावून त्यांनी नजर फिरवली, आणि माप बायकोनेच टेपवर बोट धरून वाचून सांगितलं. त्यानंतर मात्र नाही. नंतर ते स्वतःच्या खोलीतही दारावर टकटक करून जाऊ लागले, आणि ती घरात कायम रुमाल बांधू लागली. दोघांनाही वाटलं की आपण दुसऱ्यासाठी करतो आहोत.

टोप झाला तेव्हा बायकोने तो चढवला, मास्तर मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सुस्कारा सोडला. तीच पाठ. भांग जरासा डावीकडे, मानेवर एक बट चुकार सोडलेली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "अहो, तेल कुठलं लावता हो तुम्ही?" मास्तर पिशव्या घेऊन मागेच होते. त्या वाक्यावर ते आठवडाभर जगले.

कारण मास्तरांनी आजाराची गोष्ट कोणालाही कळू दिली नव्हती. नातेवाइकांना सांगितलं पित्त झालंय. शेजाऱ्यांना सांगितलं तिच्या बहिणीला पित्त झालंय, म्हणून ही जाऊन येऊन असते. एकूण घराण्यात पित्ताची साथच आली. एवढं सगळं त्या टोपाच्या जोरावर चाललं होतं. 'डोकं भाजतं हो' असं बायको म्हणाली, तर मास्तरांनी जाळी पातळ केली. 'कानामागे टोचतं' म्हणाली, तर आतून रेशमी फीत लावली. एकदा ती म्हणाली, "कंटाळा आला हो मला लपवालपवीचा." यावर जाळीत काही उपाय नव्हता, म्हणून मास्तरांना ते ऐकू आलं नाही.

औषधं संपली, तपासण्या चांगल्या आल्या, आणि एक दिवस बायकोने जाहीर केलं की ती पळणार आहे.

"कुठे?" मास्तर घाबरून म्हणाले.

"घर सोडून नव्हे हो. ती कर्करोगवाल्यांच्या मदतीसाठी शर्यत असते ना, त्यात."

मास्तरांनी तिला समजावलं. धाप लागेल, ऊन लागेल, पाय मुरगळेल. आणि मुख्य म्हणजे लोक बघतील. पेशंट बायकांना तिथे भगवा नव्हे, नारिंगी नव्हे, काहीतरी मधलाच भडक शर्ट देतात, कंदिलासारखा दिसणारा, हेही त्यांनी कुठूनतरी काढलं होतं. बायको ऐकेना. शेवटी तह झाला. तिने पळायचं, पण साधा पांढरा शर्ट घालून, हौसेने पळणाऱ्या बाकीच्यांसारखा. आणि टोप घालून. बायकोने मास्तरांच्या हातावर हात मारून कबूल केलं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात कंपनी दौऱ्यावर होती. मास्तर शर्यतीच्या सकाळी सामानाच्या टेंपोतून थेट मैदानावर पोचले. टेंपो हाकत होता त्यांचा दोस्त हातोडी. हा नेपथ्याचा सुतार. खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसावं. वाटेत मास्तरांनी बायकोला फोन केला.

"टोप घेतलास ना?"

"हो हो, पिशवीत आहे. घालते तिथे गेल्यावर."

"क्लिपा चार लाव. वारं आहे."

"बरं बाई," असं बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मास्तरांना म्हणायची सवय नव्हती तिला 'बरं बाई'. पण मास्तर क्लिपांच्या विचारात होते.

रस्त्याच्या कडेला दोरी बांधली होती. मास्तर दोरीला पोट लावून उभे राहिले. जवळ थर्मास, छत्री, शाल आणि कंपनीचं घडीचं स्टूल, बायकोला मध्येच बसावंसं वाटलं तर. हातोडी केळं खात होता. शर्यत सुटली. आधी तरणी पोरं धावत गेली, मग फोटो काढत काढत हौशी मंडळींतले पुढचे काही. मग तो कंदिली रंगाच्या शर्टांचा घोळका आला आणि दोरीमागचे सगळे टाळ्या वाजवू लागले. बायका, दोनचार पुरुष, कोणी टोपी घातलेले, कोणी बोडक्या डोक्याचे, कोणाला नुकते केस फुटलेले. मास्तरांनी थर्मास काखेत धरला आणि तेही टाळ्या वाजवू लागले. हळुवार, मान एका बाजूला कलती करून, डोळ्यांत जमेल तेवढी करुणा आणून. दवाखान्याच्या जिन्यात त्यांना लोकांनी असं बघितलेलं आवडत नसे. एक बाई तर त्यांच्या अगदी समोर थांबली. डोक्यावर करड्या कुरळ्या केसांची बारीक लव होती. तिने हात हलवला. मास्तरांनी तिला मान लववून आणखी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि तिच्या खांद्यावरून मागे, पांढऱ्या शर्टांकडे बघायला लागले.

ती बाई हात खाली घेऊन पुढे गेली.

"अरे," हातोडी केळं गिळत म्हणाला, "वहिनी गेल्या की!"

"कुठे? पांढऱ्यांना वेळ आहे अजून."

"त्या काय, त्या रंगीतमधल्या! तुला हात केला त्यांनी!"

"गप बस लेका. तीस वर्षांच्या संसारातली बायको मला कळत नाही होय? तू लाकडाकडे लक्ष दे."

हातोडीने दुसरं केळं सोललं.

तेवढ्यात मास्तरांच्या थर्मासचं झाकण खाली घरंगळलं. ते वाकले, झाकण उचललं, वर बघितलं, आणि त्यांना ती दिसली. पुढे निघून गेलेली, पाठमोरी. पांढरा शर्ट. काळेभोर, सरळ केस. डावीकडचा भांग. मानेवरची चुकार बट. मास्तरांचा ऊर भरून आला. पाठोपाठ त्यांना दिसलं की क्लिपा दोनच लावल्यात.

टोपमास्तरांनी दोरी ओलांडली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पायात चपला, एका हातात स्टूल आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन ते पळायला लागले.

"अगं, सावकाश! नाकाने श्वास घे! बसतेस का? स्टूल आणलंय!"

ती थांबली नाही. मास्तर तिच्या मागे दोन पावलांवर होते, आणि त्यांच्याच्याने ती दोन पावलं तुटेनात. पण त्याची त्यांना खंतही नव्हती. समोर तिची पाठ होती, आणि पाठीशी ते बोलू शकत होते. वर्षभर तोंडावर जे आलं नव्हतं ते धापा टाकता टाकता बाहेर पडायला लागलं.

"ऐक, थांबू नकोस, पण ऐक. तुला वाटत असेल मी लाजलो. लोकांना. तसं नव्हतं गं. मला वाटलं, कोणाला कळलं नाही तर ते झालंच नाही. वेडा आहे मी. तू आत असायचीस ना, त्या औषधाच्या खोलीत, तेव्हा मी बाहेर बाकावर बसून देवाशी नव्हे, डॉक्टरांशी नव्हे, त्या पिशवीतल्या टोपाशी बोलायचो. म्हणायचो, हिला काही झालं तर मी तुला जाळून टाकीन आणि स्वतःलाही... अगं, रडू नकोस. दम लागेल. मी आहे. तू गेली असतीस तर मी कोणाच्या मागे उभा राहिलो असतो सांग?"

पुढचे खांदे खरोखरच हलत होते. ती रडत होती. मग ती थांबली आणि वळली.

अनोळखी तोंड. पस्तिशीतलं, भुवया नसलेलं, गालांवर पाणी ओघळणारं.

"काका," ती म्हणाली, "मी त्या नाही हो."

मास्तरांच्या हातून स्टूल पडलं. बाजूने माणसं वाहत होती आणि मास्तर रस्त्यात एखाद्या खांबासारखे उभे होते. त्यांची नजर त्या तोंडावरून वर गेली, केसांवर. भांग त्यांचा. जाळी त्यांची. बायकोची वेणी एका परक्या बाईच्या डोक्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती.

"मी मध्येच सांगणार होते," ती म्हणाली, "पण तुम्ही असं काही बोलत होतात की... मला कोणी म्हणालं नाही असं कधी. म्हणून ऐकत राहिले. चुकलंच माझं."

"हे... हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"मावशींनी दिलं. दवाखान्यात ओळख झाली आमची. परवा दिलं. माझी औषधं चालू आहेत ना अजून. उद्यापासून कामावर जायचंय, तिकीट खिडकीवर बसते मी. दिवसभर माणसं समोर. मावशी म्हणाल्या, मला आता नको, तू घे." मग घाबरून, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

केसाने गळा कापणं हे मास्तरांनी आयुष्यभर ऐकलं होतं, आणि एकदा तर एका नाटकात त्यासाठी केसही पुरवले होते. पण तो आपलाच गळा असेल, आणि केसही घरचेच असतील, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शर्यत संपते तिथे कनातीच्या सावलीत बायको पाणी पीत बसली होती. कंदिली शर्ट. करडी कुरळी लव. टाळ्या वाजवून त्यांनी जिला पुढे धाडलं होतं तीच बाई. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले. तिकीट खिडकीवाली मागे, हातोडी तिच्याही मागे, तिसरं केळं घेऊन.

"कबूल केलं होतंस," मास्तर म्हणाले. तोंडावर बोलायचं म्हणजे त्यांना कष्टच होते.

"केलं होतं."

"फोनवर खोटं बोललीस."

"बोलले. टोप नाही म्हटलं असतं तर तुम्ही टेंपो उलटा फिरवून आला असतात."

"तो टोप तू देऊन टाकलास. मला न विचारता."

"केस माझे होते ना? मग मी दिले."

"केस तुझे. आणि हात कोणाचे?"

बायकोने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तुमच्या पुढ्यात थांबले होते. एवढ्याशा अंतरावर. म्हटलं, आता हे चिडतील, ओरडतील, दोरी ओलांडून येतील. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. कशा, सांगू? शाळेच्या बक्षीस समारंभात दुसऱ्याच्या पोराला वाजवतात तशा."

"मला काय ठाऊक तू या रंगात..."

"रंगाचं सोडा हो. तोंड तर माझंच होतं."

मास्तरांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. पण त्यांचा राग गेला नाही. उलट आता तो उभा राहायला जागा शोधू लागला, आणि त्याला ती सापडली.

"तू एक शब्द टाकला असतास," ते तिकीट खिडकीवालीकडे बोट करून म्हणाले, "तर हिला मी टोप केला असता. हिच्या मापाचा, हिच्या रंगाचा. एक सोडून दोन केले असते. सगळ्या दवाखान्याला केले असते. हाच कशाला? हा तू होतीस. तू आत पडलेली असताना माझ्या हातात एवढीच तू होतीस."

हे बायकोच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तिकीट खिडकीवालीने क्लिपेला हात घातला. "काका, मी परत देते. आत्ता काढते."

"हात लावू नका!" मास्तर ओरडले, इतक्या जोरात की हातोडीचं केळं पडलं. "असा ओढून काढतात होय? जाळी फाटेल." मग खालच्या आवाजात, "राहू दे. तुम्हाला बसलाय तो. कानापाशी जरा सैल आहे. कंपनीत या, आवळून देतो." आणि बायकोकडे न बघता ते टेंपोकडे चालू लागले.

"त्यांना म्हणावं," तिकीट खिडकीवाली बायकोला हळूच म्हणाली, "मला जे बोलले ते तुम्हाला सांगायला."

"काय बोलले?"

"ते मी नाही सांगायची. ते तुमचं होतं."

टेंपोत पुढे हातोडीच्या शेजारी पडद्याची गुंडाळी होती, त्यामुळे नवराबायको मागे सामानात बसले. बसायला जागा एकच होती, तिसऱ्या अंकातलं सिंहासन. हातोडीने वहिनींना त्यावर बसवलं. मास्तर खाली ट्रंकेवर बसले, तोंड दुसरीकडे करून. टेंपो निघाला.

"काय म्हणालात हो तुम्ही तिला?" थोड्या वेळाने सिंहासनावरून प्रश्न आला.

"आठवत नाही."

"तिच्या डोळ्याला पाणी होतं."

"धूळ असेल."

"मला कधी नाही काही म्हणालात."

"सांगायला तू कुठे होतीस? मी म्हणत होतो तेव्हा तू दुसरीकडेच पळत होतीस."

यावर बायको हसली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण ती हसली नाही. वळणावर मास्तरांनी चोरून बघितलं. तिला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, पाय धुळीने माखलेले, आणि डोकं सिंहासनाच्या पाठीवर. प्लायवुडच्या त्या सिंहावर ते दर खड्ड्याला आपटत होतं. टक. टक.

पाचसहा खड्डे मास्तरांनी सहन केले. मग ते उठले, एका हाताने टेंपोची दांडी धरली आणि दुसऱ्या हाताचा तळवा लाकूड आणि डोकं यांच्यामध्ये घातला.

ते केस त्यांनी पहिल्यांदाच हाताने बघितले. मऊ, तिरपे, हट्टी. एक इकडे वळलेला, दुसरा तिकडे. औषधांनी जातच बदलली होती. काळे नव्हते, सरळ नव्हते, कुठल्या बाजूने भांग पडेल त्याचा पत्ता नव्हता. हे काही आज उगवलेले नव्हते. महिनोन्‌महिने त्यांच्याच घरात, त्या रुमालाखाली, त्यांना चोरून वाढत होते. हातोडीने बघितले, तिकीट खिडकीवालीने बघितले, रस्त्यावर टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या गावाने बघितले. आणि जन्मभर केसांत घालवलेला माणूस शेवटून पहिला.

"मास्तर!" हातोडीने पुढून आरोळी ठोकली. "मिटलं का रे भांडण?"

"नाही!" मास्तर ओरडले, मग दचकून तिच्याकडे बघितलं. ती जागी झाली नव्हती. "आणि सावकाश हाक की जरा," त्यांनी आवाज उतरवून म्हटलं, "खड्डे काय मोजतोयस?"

घरी गेल्यावर तीन दिवस तरी बोलायचं नाही, असं त्यांनी पक्कं केलं. हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. घर यायला अजून बराच रस्ता होता.